हल्लूमाच्या घराची उंची

हल्लूमा अंगणात जव पाखडत होती तेव्हा तिच्या डोक्यावरून कुणीतरी विचारलं, की इथं आसपास घरं कुठं आहेत.

तिनं मान वर केली. अंगणाच्या काठाशी, आभाळाच्या गोल तुकड्याला चिकटून, दोन जोड बूट दिसत होते. एक जोड असा चकचकीत की त्यात ढग दिसावेत, दुसरा अंगठ्याशी फाटलेला. विचारणारा फाटक्या बुटांचा होता. अरबी बोलत होता, पण कसलं, तर कुणीतरी ते समुद्रात बुचकळून, पिळून, होडीच्या दोरीवर वाळत घातल्यासारखं.

"आधी छपरावरून बाजूला व्हा," हल्लूमा म्हणाली. "जवात माती पडतीय."

वर कुजबुज झाली. मग फाटके बूट म्हणाले, "साहेब विचारतायत, कुठलं छप्पर?"

"ज्याच्यावर उभं राहून विचारतायत ते."

चकचकीत बूट चार पावलं मागं सरकले, आणि तिथं शेजारच्या बेलगासेमकाकांचं छप्पर सुरू होत असल्यामुळं जमिनीतून काकांचा आवाज आला, की कोण मेला वर नाचतोय.

ट्यूनिसच्या दक्षिणेला, मटमाटाच्या त्या डोंगरांत घर कुणी बांधत नाही, खणतात. आधी वरून एक मोठं गोल अंगण खाली उतरवायचं, मग त्याच्या भिंतींत खोल्या कोरायच्या, आणि आत-बाहेर करायला उताराच्या बाजूनं एक बोळ काढायचा. झालं घर. हल्लूमाचं घर तिच्या नवऱ्यानं सात वर्षं खणलं होतं आणि आठव्या वर्षी तो तापानं गेला. प्रत्येक भिंतीवर त्याच्या कुदळीचे वार अजून दिसायचे. दरवर्षी चुना देताना हल्लूमा हात राखून द्यायची, ते बुजू नयेत म्हणून. त्या सगळ्या मुलखात जमिनीच्या वर एकच जण राहत होता, सीदी यख्लफ नावाचा पीर, पांढऱ्या घुमटीत, आणि तोसुद्धा मेल्यानंतरच वर राहायला गेला होता.

पाहुणे बोळातून खाली आले. चकचकीत बुटांच्या वर लेफ्टनंट फेरांदेल नावाचा एक चोवीस वर्षांचा मुलगा निघाला. कान उन्हानं सोलवटलेले, बगलेत कातड्याचं दप्तर. बोळात त्याचं डोकं तीनदा आपटलं आणि तिन्ही वेळा त्यानं भिंतीची माफी मागितली. फाटक्या बुटांच्या वर दुभाष्या होता, सवेरियो झामित, माल्टा बेटावरचा.

हल्लूमानं भाजलेल्या जवाचं पीठ तेलात कालवून पुढ्यात ठेवलं. तिची मुलगी गमर, वय चौदा आणि जीभ चाळीस, ताक ओतता ओतता झामितला म्हणाली, "तुम्ही पण फ्रेंचच का हो?"

"मी माल्टाचा. म्हणजे राणी इंग्रजांची, देव रोमचा, बोली तुमच्या बाजारातली आणि पगार फ्रेंचांचा."

"मग कागदावर काय म्हणून लिहितात तुम्हाला?"

"इतर," झामित म्हणाला, आणि ताकाचा वाडगा एका दमात रिकामा केला.

लेफ्टनंटनं पीठ खाल्लं, बोटं रुमालाला पुसली आणि दप्तर उघडलं. प्रकरण असं होतं. गाबेस बंदराहून दक्षिणेकडं फौजेचा रस्ता जाणार होता. साम्राज्याला दक्षिणेत काय हवं होतं ते लेफ्टनंटलाही नीट माहीत नव्हतं, पण ते दक्षिणेतच होतं एवढं नक्की. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शंभर पावलांच्या आत जे जे खड्डे असतील ते घोड्यांना धोक्याचे म्हणून दगड टाकून बुजवायचे, असा हुकूम होता. घरांना मात्र हात लावायचा नाही. साम्राज्य लोकांची घरं बुजवत नाही, हे झामितनं दोनदा सांगितलं, कारण लेफ्टनंटनं ते दोनदा म्हटलं. शंभरावं पाऊल नेमकं हल्लूमाच्या अंगणापलीकडं पडत होतं. बेलगासेमकाकांचं घर एकशेचाराव्या पावलावर होतं, आणि सारं गाव त्याच्याही मागं.

"हे घर आहे," हल्लूमा म्हणाली. "जाऊ दे त्याला पुढं."

"साहेबांना पण तसंच वाटतंय," झामित म्हणाला. "पण त्यांच्या वाटण्याला रकाना नाही. घर कशाला म्हणायचं त्याचे पाच प्रश्न आहेत. मी विचारतो, तुम्ही सांगा. पहिला, बाहेरून भिंती किती?"

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"बाहेर उभं राहिलं की दिसतात त्या."

"बाहेर उभं राहिलं की घर दिसतच नाही," गमर म्हणाली. "दिसायला लागलं की माणूस आत पडलेला असतो."

झामितनं हे सगळं भाषांतर करून सांगितलं, कारण पगार त्याला त्याचाच मिळत होता. लेफ्टनंटनं एक रेघ ओढली.

"दुसरा, जमिनीपासून उंची?"

"वर मोजायची का खाली?"

लेफ्टनंटनं कागद उलटा करून पाहिला, मागं काही सूचना छापलीय का. नव्हती. त्यानं शून्य लिहिलं. लिहिताना त्याला वाईट वाटलं, हे त्याच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

तिसरा प्रश्न, दार कुठल्या रस्त्यावर उघडतं. दार उतारावर उघडत होतं, आणि उतारावर बकऱ्या होत्या. चौथा, खिडक्या किती. हल्लूमानं वर आभाळाकडं बोट दाखवलं. ते कागदावर बसेना. पाचवा, धूर छपराच्या वरून जातो का. धूर आधी अंगणात हिंडतो, शेजाऱ्यांच्या सगळ्या गोष्टी ऐकतो आणि मग सवडीनं वर जातो, असं गमरनं सांगितलं, आणि लेफ्टनंटनं पाचवी रेघ ओढली. मग कागदाच्या तळाशी जाऊन त्यानं सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलं?" हल्लूमानं विचारलं.

झामित जरा घुटमळला. "पोकळी. निर्जन."

हल्लूमानं अंगणाभोवती नजर फिरवली. गमर होती, दोन बकऱ्या होत्या, गाढव होतं, तव्यावर भाकरी होती. "निर्जन," ती म्हणाली.

"आणि इथं अंगठा द्यायचाय. इथं कुणी राहत नाही, याला साक्ष म्हणून."

"कुणाचा अंगठा?"

"तुमचा. इथं दुसरं कोण आहे."

"मी इथं राहत नसेन तर माझा अंगठा इथं कसा?"

झामितनं हे लेफ्टनंटला सांगितलं तेव्हा दोघं बराच वेळ खालच्या आवाजात बोलले. लेफ्टनंट वेडा नव्हता. उलट कागदाच्या बाबतीत त्याच्याइतका सच्चा माणूस त्या फौजेत दुसरा नसेल. शेवटी त्यानं समासात एक शब्द घातला आणि त्याचा चेहरा उजळला.

"तुम्हाला 'वाटसरू' लिहिलंय," झामित म्हणाला. "तुम्ही रस्त्यानं चालल्या होतात. पोकळी बघितली. निर्जन होती."

"आणि मी?" गमरनं विचारलं.

"अल्पवयीन वाटसरू."

हल्लूमानं दोन्ही हात पदराखाली घेतले. तिनं नवरा याच अंगणात न्हाऊ घातला होता, पहिल्यांदा नवरा म्हणून आणि शेवटी मयत म्हणून. लेफ्टनंट थोडा वेळ वाट बघून म्हणाला, की आठ दिवसांनी तो परत येईल. कागदात बसेल असं काही तोवर सापडलं, तर तो ते आनंदानं लिहील. नाही सापडलं, तर मागोमाग दगडांची खेचरं येतील. मग त्यानं पिठाचे आभार मानले आणि बोळात चौथ्यांदा डोकं आपटून निघून गेला.

त्या दुपारी सगळं गाव बेलगासेमकाकांच्या अंगणात जमलं. काका गावातले सगळ्यात जुने खणणारे. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्यांना ते बिळं म्हणायचे.

"सोपंय," काका म्हणाले. "त्याला उंच घर पाहिजे ना, उंच घर देऊ. वर बांधू. कसं बांधतात?"

कुणालाच माहीत नव्हतं. ट्यूनिसमध्ये चार वर्षं भटारखान्यात राबून आलेला एक जण म्हणाला, की दगडावर दगड ठेवत जायचं. मग दुसऱ्या दिवशी चाळीस गडी हल्लूमाच्या छपरावर जमले. पण दगड हवेत तर ते जमिनीतून काढायला हवेत, म्हणून त्यांनी जरा बाजूला खणायला घेतलं. खणता खणता माती अशी मऊ आणि एकसारखी लागली, की कुणालाच थांबवेना. संध्याकाळी भिंत गुडघ्याइतकी झाली होती आणि शेजारी एक फार सुरेख खोली तयार झाली होती, कोनाड्यासकट. रात्रीतून भिंत पडली.

"कोनाडा मात्र बघण्यासारखाय," बेलगासेमकाका सकाळी म्हणाले.

"काका, त्या कोनाड्यात ठेवा मला," हल्लूमा म्हणाली. "सहा दिवस उरलेत."

"तू चिडू नकोस, पोरी. आपल्या हाताला भर घालणं ठाऊक नाही. काढून टाकणं तेवढं ठाऊक आहे. आपण जे काही केलं ते काढून काढून केलं."

हल्लूमा पडलेल्या भिंतीवर बसली होती. समोर उतार, उताराच्या पायथ्याशी जवाचं शेत, शेताचे मातीचे बांध. ती काकांचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा फिरवत होती, तोंडात खारकेची बी फिरवावी तशी. मग ती उठली, बोळाच्या तोंडाशी गेली आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढायला लागली. ओढत ओढत घराला पूर्ण वळसा घालून पुन्हा काकांपाशी आली.

"घर वर जात नाही ना?" ती म्हणाली. "मग जमीन खाली न्या."

काकांनी रेघेकडं पाहिलं. घराकडं, म्हणजे घर नव्हतं त्या जागेकडं पाहिलं. मग त्यांनी कुदळ उचलली, आणि गावातल्या लोकांनी नंतर पैजेवर सांगितलं, की म्हातारा त्या दिवशी वीस वर्षांनी लहान दिसत होता.

सहा दिवस चाळीस माणसं त्या रेघेवर खणत होती. दीड पुरुष खोल, दोन गाढवं रुंद. बायका टोपल्या भरभरून माती खाली शेताच्या बांधावर नेऊन टाकत होत्या, त्यामुळं त्या वर्षी बांध असे तगडे झाले की त्यांच्यावर लग्न लावता आलं असतं. चर हळूहळू घराला वेढत गेला आणि मधे, जसा कणकेतून साचा काढावा तसं, हल्लूमाचं घर उभं राहत गेलं. खरोखर उभं. बाहेरून भिंती असलेलं. बोळाचं तोंड आता चरात उघडलं, तिथं ताडाच्या फळ्यांचं दार बसवलं. गमरनं जाऊन काकांच्या मागं टुमणं लावलं, की खिडकीपण पाहिजे.

"कशाला पाहिजे? बघणारेस काय तिच्यातून?"

"समोरची भिंत."

"ती तर आतूनही दिसते."

"आबा, कागदात खिडकी आहे. भिंत बघायची सक्ती नाही."

काकांनी खिडकी पाडली. पहिल्यांदा तिच्यातून बकरीनं डोकं बाहेर काढलं आणि ती इतकी खूश झाली की दोन दिवस तिथून हलली नाही. चूल खिडकीपाशी सरकवून धुराला छपरातून वर जायला एक भोक ठेवलं. शेजारणी बघायला येत. चरात उभ्या राहून वर बघत, भिंतीवरून हात फिरवत. त्यांच्यातल्या कुणीच आयुष्यात घराला बाहेरून पाहिलं नव्हतं. एक जण हळूच म्हणाली, "बाई, हे तर उघडंच पडलं," आणि हल्लूमालाही वाटलं, की आपण बाजारात डोक्यावर पदर न घेता उभ्या आहोत. पण तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

आठव्या दिवशी लेफ्टनंट आला. चराच्या काठावर घोडा थांबला, लेफ्टनंटही थांबला. मग त्यानं टोपी काढली.

"साहेब म्हणतायत, हे मागच्या खेपेला नव्हतं," झामित म्हणाला.

"होतं," हल्लूमा म्हणाली. "मागच्या खेपेला जमीन मधे आली होती."

लेफ्टनंट उताराच्या बाजूनं चरात उतरला आणि फीत काढून मोजायला लागला. बाहेरून भिंती: एक, पण सगळीकडून. उंची: आठ फूट चार बोटं. खिडकी: एक, बकरीसह. धूर: छपरावरून. प्रत्येक उत्तरावर तो हात चोळत होता. झामित हसू दाबत होता, आणि गमरनं तर अंगणात जाऊन बकरीच्या शेपटीशी नाचून घेतलं. मग लेफ्टनंट कागदावर 'घर' लिहायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. तो चराच्या एका टोकाकडं बघत होता, मग दुसऱ्या.

"काय झालं?" हल्लूमानं विचारलं.

झामितनं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडला. "घर छान आहे म्हणतायत. घराबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पण हा चर. हा शंभर पावलांच्या आत आहे, रिकामा आहे, आणि घोडा यात पडेल. हा खड्डा आहे. हा बुजवावा लागेल."

"बुजवला तर घर परत खड्ड्यात जाईल."

"मग तेही बुजवावं लागेल. साहेबांना फार वाईट वाटतंय."

काठावरून बेलगासेमकाका ओरडले, "त्याला सांग, चरात आम्ही राहायला येतो. मग चर पण घर."

झामितनं विचारून सांगितलं, "मग चराला बाहेरून भिंत लागेल."

"चराबाहेर चर खणू."

"मग तोही खड्डा."

"मग त्यातही राहू. माणसं कमी नाहीत आमच्यात."

लेफ्टनंटनं वहीच्या मागच्या पानावर एक गोल काढला, त्याच्याभोवती एक, त्याच्याभोवती आणखी एक. पाचव्या गोलाला डोंगर संपला आणि सहाव्याला समुद्र लागला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि कपाळाचा घाम पुसला. हल्लूमाला त्या मुलाची कीव आली. तिला वाटलं, याला कुणी घरी नेऊन झोपवलं पाहिजे. पण त्याच वेळी तिला दिसत होतं, की त्याच्या डाव्या हातात अजून तो जुना कागद आहे, निर्जनवाला, आणि तो फाडलेला नाही. दगडांची खेचरं गाबेसहून निघाली होती.

ती चरात दोन पावलं चालली. परत आली. पुन्हा चालली.

"झामित, त्याला विचार, मी आत्ता काय केलं?"

"चाललात."

"कशावरून चालले?"

झामित तिच्याकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे बारीक झाले, आणि त्यानं जे भाषांतर केलं ते हल्लूमाच्या वाक्यापेक्षा तिप्पट लांब होतं. तीन वर्षं 'इतर' राहिलेल्या माणसाला कुठला शब्द कुठल्या रकान्यात सरकवता येतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. दार कुठल्या रस्त्यावर उघडतं. दार होतं, ते उघडत होतं, आणि ज्याच्यावर उघडत होतं त्याच्यावरून माणसं चालत होती.

लेफ्टनंट ताठ झाला. दप्तरात हात घालून त्यानं दुसरंच एक पुस्तक काढलं.

"रस्ता असेल," झामित म्हणाला, "तर बुजवायचा प्रश्नच नाही. साम्राज्य रस्ते बुजवत नाही. फक्त एक अट आहे. समोरासमोरून दोन लादलेली जनावरं सुटली पाहिजेत."

आता गावात लादण्यासारखी गाढवं दोनच होती, एक हल्लूमाचं आणि एक बेलगासेमकाकांचं, आणि त्या दोघांचं चार वर्षं वाकडं होतं. दोघांच्या पाठीवर सरपण चढवलं आणि दोन बाजूंनी चरात सोडलं. मधोमध, खिडकीपाशी, ती एकमेकांसमोर आली आणि उभी राहिली. सगळं गाव काठावर पालथं पडून बघत होतं.

"तुझ्या गाढवाला सांग, मागं सरायचं नाही, पुढंच जायचं," काका म्हणाले.

"तुमचंच आडवं झालंय, काका."

"माझं आडवं नाही. ते विचार करतंय."

खिडकीतून बकरीनं मान काढली आणि काकांच्या गाढवाच्या पाठीवरचं सरपण ओढायला लागली. गाढव तिच्या बाजूला झुकलं, पलीकडं एक वीत मोकळी झाली, आणि हल्लूमाचं गाढव पोट आत ओढून, भिंतीची दोन टोपल्या माती खरवडून, सुटलं. लेफ्टनंटनं टाळ्या वाजवल्या. मग भानावर येऊन त्यानं लिहिलं: घर, वस्तीचं. रस्ता, लादल्या जनावरांचा. नकाशा उघडला, गाबेसहून येणारी लांब रेघ हल्लूमाच्या चरापर्यंत ओढली आणि तिथं एक नेटका गोल काढला. जुना कागद त्यानं चार तुकडे करून झामितच्या हातात दिला.

हल्लूमानं ते तुकडे मागून घेतले आणि चुलीत घातले. त्या दिवशी तिनं लेफ्टनंटला शेवटची सुकी अंजिरंसुद्धा बांधून दिली.

त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी सकाळी तिला खिडकीतून खेचराचा चेहरा दिसला. मग दुसरा. मग तिसरा. खेचरं भरल्या टोपल्या घेऊन एकामागोमाग चालली होती, तीस तरी असतील, आणि त्यांच्या मागं शिपाई. ती थोड्या वेळानं संपली. हल्लूमानं भाकरी थापली. भाकरी भाजून होतीय तोवर पहिलं खेचर पुन्हा खिडकीत आलं.

चौथ्या फेरीला ती दार उघडून बाहेर गेली. पुढं एक हवालदार चालत होता, मिशाळ, लाल टोपीचा, हातात नकाशाची घडी.

"कुठं निघालात?" हल्लूमानं अरबीत विचारलं.

"दक्षिणेला," तो वैतागून म्हणाला, आणि पुढं तोंडातल्या तोंडात जे पुटपुटला ते अरबी नव्हतं, फ्रेंचही नव्हतं. हल्लूमाला त्यातले चारातले तीन शब्द कळले. तिच्या स्वतःच्या, घरात बोलायच्या बर्बर भाषेतले होते ते, फक्त कुणीतरी उंच जागेवरून बोलल्यासारखे.

"तू आमच्यातला?" ती तिच्या बोलीत म्हणाली.

हवालदार थांबला. मागची खेचरं एकमेकांवर आदळली. "मी काबिलियाचा," तो म्हणाला. "अल्जीरियातल्या डोंगरातला. अक्ली माझं नाव. आमच्याकडं वर बांधतात, ताई. तुमच्याकडं हे काय आहे? सकाळपासून चालतोय आणि दर थोड्या वेळानं हीच बकरी भेटतीय."

"हा रस्ता गोल आहे."

"गोल रस्ता कशाला?"

"तुमच्या साहेबानं विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. जिथून आत आलात तिथून वर चढा आणि शेतातून जा."

"नाही जाता येत. खेचरं रस्ता सोडून नेली तर मला हवालदारीचे पट्टे काढून ठेवावे लागतील. आणि नकाशात रस्ता इथवरच आहे." त्यानं नकाशा दाखवला. लांब रेघ, टोकाला गोल. एखाद्या बाळाचा खुळखुळा असावा तसा.

"टोपल्यांत काय आहे?"

"दगड. खड्डे बुजवायला. इथं एक होता म्हणाले, तो रद्द झाला. बाकीचे पुढच्या तुजान गावचे. तिथं म्हणे रस्त्याला लागून बावीस आहेत."

तुजानला जाणारी बकऱ्यांची वाट तिला पाठ होती, दिवसभराची. बावीस. तिथं प्रत्येक अंगणाला नाव होतं, आणि त्यांतली अर्धी तिला तोंडपाठ होती.

खेचरं ओरडायला लागली. शिपायांनी भिंतीला पाठ लावून बसायला सुरुवात केली, आणि भिंतीची माती ढासळून आतल्या खोलीत, नवऱ्याच्या कुदळीच्या वारांवर, पडली. तिला तो आवाज बाहेर ऐकू आला. अजून दोन दिवस ही फौज इथं गोल फिरत राहिली तर घरच घासून संपेल, हे सांगायला काकांची गरज नव्हती.

"मी तुम्हाला पलीकडून वाट काढून देते," ती म्हणाली. "शेताच्या बाजूला, चराच्या भिंतीतून. मग ती पण रस्ताच झाली, नाही का? याच रस्त्याचा भाग. सोडल्यासारखं होणार नाही."

अक्लीनं नकाशाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "खणणारी माणसं आहेत?"

"आहेत. पण सगळी कामावर गेलीत. मीच खणते."

"तू एकटी?"

"एकटी."

ती आत आली. गमर खिडकीपाशी बकरीचं डोकं ढकलत सगळं ऐकत होती. हल्लूमानं तिच्या कमरेला भाकरी बांधली आणि हातात पाण्याचं कातडं दिलं.

"तुजानला जा. बकऱ्यांच्या वाटेनं. पोचलीस की पहिलं घर लागेल तिथं सांग, चर खणा. घराभोवती गोल, दीड पुरुष खोल, दोन गाढवं रुंद. दार चरात उघडायला पाहिजे. खिडकी विसरू नका म्हणावं. आणि एक. चराला बाहेर पडायला दुसरं तोंड ठेवा, पहिल्या दिवसापासूनच. आमच्यासारखं करू नका."

"आणि कुणी विश्वास नाही ठेवला तर?"

"तू बोलायला लागलीस की ठेवतील. सुटका करून घ्यायची असेल ना त्यांना तुझ्यापासून."

गमर बोळातून निघाली. तिला चरातूनच वर चढायचं होतं, तीस खेचरांच्या आणि तेवढ्याच शिपायांच्या देखत. अक्लीनं तिला बघितलं. कमरेची भाकरी बघितली, पाण्याचं कातडं बघितलं, आणि ती कुठल्या दिशेला वळली तेही बघितलं.

"मुलगी कुठं निघाली?" त्यानं विचारलं.

"मावशीकडं."

"लांब राहते मावशी?"

"दिवसभराचं चालणं आहे."

अक्लीनं हळूहळू नकाशाची घडी घातली. मग तो खाली बसला, बूट काढले आणि बोटं उन्हात पसरली. मागच्या शिपायांना त्यानं हातानं खूण केली, की बसा.

हल्लूमानं कुदळ उचलली. चराच्या भिंतीपाशी, शेताच्या बाजूला, नेमकं कुठं खणावं ते ती बराच वेळ बघत उभी राहिली. एका जागी कुदळ टेकवली, नको म्हणाली, हातभर डावीकडं सरकली. मग एक वार घातला. मूठभर माती पडली. ती तिनं दोन्ही हातांनी गोळा करून टोपलीत भरली, टोपली उचलून खाली बांधापर्यंत गेली, ओतली, तिथं जरा कंबर सरळ केली आणि परत आली.

"किती वेळ लागेल, ताई?" अक्लीनं डोळे मिटूनच विचारलं.

"माती बघावी लागते," हल्लूमा म्हणाली. "घाई केली तर ढासळते."

"मग करू नकोस घाई," तो म्हणाला, आणि टोपी चेहऱ्यावर ओढून घेतली.